आवार माळ्याच्या हवाली, पर्यावरण पुस्तकात

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ने गेली काही वर्षे जी चौकट वापरली, तिच्या सातव्या निकषात हरित परिसराविषयी पाच गोष्टी विचारल्या गेल्या. वाहनांना मर्यादित प्रवेश आहे का, सायकली किंवा विजेवरची वाहने वापरली जातात का, पायी चालणाऱ्यांसाठी सोयीचे रस्ते आहेत का, प्लास्टिकवर बंदी आहे का, आणि झाडाझुडपांनी आवार सुशोभित केलेले आहे का. पुरावा म्हणून अक्षांश-रेखांशांसह छायाचित्रे जोडायची असतात. समितीची भेट जवळ आली की कुंड्या येतात, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागतो, सुकलेली रोपे बदलली जातात. झाडे आहेत की नाहीत हे या चौकटीत तपासले जाते. त्या आवारात तीन किंवा पाच वर्षे काढणाऱ्या विद्यार्थ्याचा त्या झाडांशी, तिथल्या मातीशी आणि पाण्याशी काही संबंध येतो का, हे मात्र तपासले जात नाही.

यामागची समजूत केवळ एका मूल्यांकन संस्थेची नाही, ती संस्थाचालकांपासून पालकांपर्यंत सर्वांची आहे. हिरव्या परिसरात शिकणारा विद्यार्थी आपोआप पर्यावरणाविषयी जागरूक होतो, असे आपण धरून चालतो. झाडांच्या सावलीत बसल्याने थकवा उतरतो, मन स्थिर होते, हे खरे आहे आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण प्रसन्न वाटणे वेगळे आणि जाण येणे वेगळे. आवार विद्यार्थ्याला नेहमीच काहीतरी शिकवत असते, मात्र ते काय शिकवते हे तिथे किती झाडे आहेत यावर ठरत नाही. विद्यार्थ्याला तिथे काय करावे लागते, कोणते प्रश्न विचारता येतात आणि कोणत्या निर्णयात त्याचे मत धरले जाते, यावर ते ठरते, असे माझे म्हणणे आहे.

राज्यातल्या बहुसंख्य महाविद्यालयांची आवारे आज एकाच साच्यातली आहेत. प्रवेशद्वारापासून इमारतीपर्यंत पेव्हर ब्लॉक, दोन्ही बाजूंना बॉटल पाम किंवा उंच सरळ अशोक, मध्ये तारेचे कुंपण घातलेली हिरवळ आणि तिच्यावर ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी. सकाळी पडलेला पाला झाडून कोपऱ्यात गोळा केला जातो आणि पुष्कळ ठिकाणी तिथेच पेटवला जातो. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच मनाई करून दंड ठरवला आहे, तरीही. कुंपणाच्या कडेने आपसूक उगवलेली रुई आणि एरंड तण म्हणून उपटले जातात. रुईच्या पानांवर प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या वाढतात आणि एरंडावर कॉमन कॅस्टरच्या, हे प्राणिशास्त्राच्या विभागात माहीत असते, पण आवाराची देखभाल त्या विभागाकडे नसते; ती कंत्राटदाराकडे असते.

अशा आवारातून विद्यार्थी जे शिकतो ते स्पष्ट शब्दांत मांडले पाहिजे. निसर्ग ही लांबून पाहायची वस्तू आहे, तिची निगा दुसरे कोणीतरी राखते, तिला लागणारे पाणी कुठून येते हे विचारायचे नसते, पडलेले पान ही घाण आहे आणि जे लावलेले नाही ते उपटायचे असते. हे धडे कोणी तोंडाने देत नाही, म्हणूनच ते पक्के बसतात. भोवतालच्या वनस्पती नजरेत न भरण्याच्या, त्या केवळ हिरवी पार्श्वभूमी वाटण्याच्या आपल्या सवयीकडे वँडरसी आणि शुस्लर या अमेरिकी अभ्यासकांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस लक्ष वेधले होते. हिरवळ आणि पामची रांग ही सवय मोडत नाही, ती घट्ट करते, कारण तिथे वर्षभर काही बदलतच नाही.

देशी आणि परदेशी झाडांचा वाद मला इथे ताणायचा नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या रेन ट्रीच्या सावलीमुळे पुण्या-मुंबईतले कितीतरी रस्ते उन्हाळ्यात सुसह्य होतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवर जेवढे पक्षी आणि वटवाघळे जगतात तेवढे बॉटल पामवर जगत नाहीत, आणि हा फरक डोळ्यांनी पाहण्याची संधीच आवाराच्या आखणीने काढून घेतलेली असते. उंबराच्या फळात शिरणारा इवलासा कीटक आणि त्या झाडाचे परागण यांचे नाते पुस्तकात एका परिच्छेदात येते. आवारात एक उंबर असेल तर फळ कापून ते दहा मिनिटांत दाखवता येते, आणि ज्याने एकदा पाहिले तो ते विसरत नाही. पळस पाने गाळून फुलतो, काटेसावरीच्या फुलांवर मैना आणि बुलबुल यांची झुंबड उडते, बहावा ऐन उन्हाळ्यात पिवळा होतो. ज्या आवारात ऋतू दिसतो तिथे हवामान बदलाविषयी बोलायला निदान आधार असतो, कारण मोहोर यंदा लवकर आला की उशिरा, हे सांगू शकणारे कोणीतरी तिथे असते.

पाण्याच्या बाबतीत तर हा विरोध अधिक टोचणारा आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. ज्या प्रदेशात दर काही वर्षांनी टँकरची वाट पाहावी लागते, तिथल्या महाविद्यालयांतही कूपनलिकेच्या पाण्यावर हिरवळ जगवणे हे प्रतिष्ठेचे लक्षण मानले जाते. या महाविद्यालयांत येणारी मुले-मुली शेतकऱ्यांच्या, मेंढपाळांच्या, ऊसतोड कामगारांच्या घरांतून येतात. त्यांतल्या अनेकांना हिवर आणि बाभूळ यांतला फरक लांबून कळतो, कोणत्या रानात पाणी मुरते आणि कोणत्या रानातून वाहून जाते हे ठाऊक असते, पहिल्या पावसानंतर कोणती रानभाजी आधी येते हे त्यांच्या आजीने दाखवलेले असते. महाविद्यालयात पाऊल टाकल्यावर त्यांना दिसते की त्यांच्या गावच्या माळावरची एकही वनस्पती इथे लावण्याच्या योग्यतेची मानलेली नाही. आपल्याला जे माहीत आहे ते ज्ञान नव्हे, शिकलेल्या माणसांचा निसर्ग वेगळा असतो, हा निष्कर्ष ती मुले काढतात, आणि तो काढण्यात त्यांचा दोष नाही. पर्यावरण शिक्षणाच्या नावाखाली आपण आधीच असलेली जाण पुसून टाकत असू, तर ते केवळ शिक्षणाचे अपयश नाही, तो अन्याय आहे.

अभ्यासक्रमात हा विषय नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा शिक्षणाचा अनिवार्य भाग करण्यास सांगितले आणि २००३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा आदेश दिले. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आणला. त्याचे पाठ्यपुस्तक लिहिणारे डॉ. एरच भरूचा पुण्याचे. त्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या घटकात क्षेत्रकार्य होते : परिसरातील नदी, टेकडी, गवताळ प्रदेश यांची नोंद करणे, सामान्य वनस्पती, कीटक आणि पक्षी यांचा अभ्यास करणे, तळे किंवा डोंगरउतार अशी साधी परिसंस्था पाहणे. त्यासाठी पाच तासिका आणि पंचवीस गुण राखलेले होते. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी क्षेत्रकार्याचा प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून तयार मिळू लागला, आणि ज्या विद्यार्थ्याने आपल्या खिडकीसमोरच्या झाडाचे नाव कधी विचारले नाही त्याने जागतिक तापमानवाढीवर वीस पाने सादर केली. आपल्या शाळांमध्ये ‘जलसुरक्षा’ हा विषयही आला. विषय वाढत गेले, पण ते शिकवण्याची जागा वर्गाच्या चार भिंतींतच राहिली, आणि वर्गाच्या बाहेरची जमीन सुशोभीकरणाच्या खात्यात गेली.

या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर काय होते, याचे एक उदाहरण कोल्हापूरला आहे. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ मध्ये झाली तेव्हा त्याचे ८५३ एकरांचे आवार बहुतांश उघड्या माळाचे होते. पुढच्या दशकांत तिथे झाडे वाढली, उतारावरून वाहणारे पावसाचे पाणी तळ्यांत आणि विहिरींत साठवले गेले, आणि पाण्याच्या बाबतीत विद्यापीठ बऱ्याच अंशी आपल्या पायांवर उभे राहिले. तिथे राहणाऱ्या विद्यार्थ्याला वसतिगृहाच्या नळाचे पाणी आणि समोरच्या तळ्याची पातळी यांचा संबंध चालता-चालता दिसू शकतो. पाणलोट म्हणजे काय हे ज्याला आकृतीवरून समजत नाही त्याला ते तिथल्या उतारावर उभे राहून समजते. हा मोठाच लाभ आहे, आणि तो सुशोभीकरणातून नव्हे तर गरजेतून आला आहे.

मात्र याच उदाहरणात एक अवघड प्रश्नही दडला आहे, आणि त्याला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. माळ ओसाड नसतो. दख्खनच्या गवताळ माळरानांवर लांडगे, खोकड, चंडोल, धाविक असे जीव राहतात आणि दाट झाडी लावली की ते तिथून जातात. गोवा विद्यापीठ ज्या ताळगावच्या पठारावर वसले आहे, तसल्या जांभ्याच्या सड्यांवर उन्हाळ्यात काही नसल्यासारखे वाटते आणि पावसाळ्यात काही आठवडे इवल्या फुलांचा सडा पडतो. त्यातल्या काही वनस्पती पश्चिम घाट आणि कोकणाबाहेर सापडतच नाहीत. अशा जमिनीला पडीक ठरवून तिथे ऑस्ट्रेलियन बाभूळ लावणे, यालाच आपण वर्षानुवर्षे वृक्षारोपण म्हटले. २०१६ ते २०१९ या काळात राज्यात पन्नास कोटी वृक्षलागवडीचा संकल्प झाला आणि महाविद्यालयांनीही त्यात उत्साहाने भाग घेतला. पण आपल्या आवारात झाड लावावे की गवत राखावे, हा प्रश्न किती ठिकाणी विद्यार्थ्यांपुढे ठेवला गेला? खड्डा खणणारे हात विद्यार्थ्यांचे होते, निर्णय कागदावर आधीच झालेला होता. पर्यावरणाची जाण खरे तर याच प्रश्नापाशी सुरू होते.

जिथे विद्यार्थ्यांना जमिनीची ओळख असते तिथे ते तिच्यासाठी उभेही राहतात. पवई तलावाभोवती सायकल आणि जॉगिंगचा मार्ग बांधण्याचे मुंबई महापालिकेचे काम उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बेकायदा ठरवले आणि केलेले बांधकाम काढण्यास सांगितले. ते प्रकरण न्यायालयात नेणाऱ्यांमध्ये तलावाच्या काठावरच असलेल्या आयआयटी मुंबईचे संशोधक विद्यार्थी होते. १८९१ मध्ये बांधलेला तो तलाव, त्यातली जलपर्णी, काठावरच्या मगरी, मागच्या डोंगरातून कधीमधी उतरणारा बिबट्या, हे सारे त्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग होते. २०२५ च्या मार्चअखेर हैदराबाद विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावली येथील सुमारे चारशे एकरांवर यंत्रे फिरू लागली, तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर आले, आणि ३ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन वृक्षतोड थांबवली. त्या जमिनीच्या मालकीविषयी राज्य सरकारचा दावा वेगळा आहे, आणि त्याचा निवाडा हा कायद्याचा विषय आहे. मला महत्त्वाचे वाटते ते हे की, सरकार ज्या जागेला मोकळी जमीन म्हणत होते तिथे खडक, तळी, मोर आणि हरणे आहेत हे विद्यार्थी ठामपणे सांगू शकले, कारण त्यांनी तिथे वर्षानुवर्षे पायपीट करून पाहिले होते, टिपले होते. केवळ घोषणा देणाऱ्या जमावाला हे जमले नसते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ही सारी उदाहरणे शेकडो एकरांच्या निवासी संस्थांची आहेत. मुंबईत एखाद्या पाच मजली इमारतीत भरणाऱ्या, ज्याला मैदानही नाही अशा महाविद्यालयाने काय करावे? माझे उत्तर असे की आवार म्हणजे एकर नव्हे. त्या इमारतीच्या गच्चीवर पावसाचे पाणी पडते आणि ते कोणत्या नळीतून कोणत्या गटारात जाते हे शोधता येते. उपाहारगृहातला ओला कचरा रोज किती निघतो आणि कुठे जातो हे मोजता येते. भिंतीच्या फटीत उगवलेला पिंपळ, समोरच्या रस्त्यावरची महापालिकेची झाडे, त्यांच्या बुंध्याला आवळून टाकलेले सिमेंट, हे सारे अभ्यासाचे विषय आहेत. उलट पुण्यातल्या फर्ग्युसनसारख्या महाविद्यालयाच्या पाठीशी सबंध टेकडी आहे. याच महाविद्यालयात शिकलेल्या माधव गाडगीळांनी पुढे गावागावांतली जैवविविधता गावकऱ्यांनीच नोंदवावी ही कल्पना देशभर रुजवली. तरीही टेकडी पाठीशी असणाऱ्या प्रत्येकाचे लक्ष तिच्याकडे जातेच असे नाही. जागा मोठी असणे हा फायदा आहे, हमी नाही. सापांची भीती आणि डासांची तक्रार हे आक्षेपही येतात. त्यांची काळजी घ्यावीच लागेल, पण त्यासाठी सगळे आवार सिमेंटने झाकण्याची गरज नाही.

हात न लावता जाण येत नाही, हे आपल्याकडे नवे नाही. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिकण्याच्या पद्धतीची, मांडणी झाली आणि सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत मुले आजही शेतीत आणि स्वयंपाकघरात काम करता-करता शिकतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली, तिच्या वसतिगृहांतली मुले स्वतः राबून शिकली, आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्यांच्यामुळे महाराष्ट्राच्या घरांघरांत पोहोचली. आज ती योजना अनेक विद्यापीठांत चालते, पण तिच्यातल्या आवाराच्या कामाकडे गरीब मुलांनी फीसाठी करायचे काम म्हणून पाहिले जाते, आणि ज्यांना पैशांची गरज नाही त्यांचा मातीशी संबंध येत नाही. हे बदलायला हवे. आवारातले काम हे सर्व शाखांच्या सर्व विद्यार्थ्यांच्या पर्यावरण विषयाच्या श्रेयांकांचा भाग व्हावे, आणि ज्यांना कमाईची गरज आहे त्यांना त्यापलीकडच्या कामाचा मोबदला मिळावा. झाडणे, पाणी घालणे, पाला कुजवणे ही कामे ठरावीक जातीच्या आणि ठरावीक वर्गाच्या माणसांची मानणाऱ्या समाजात हा केवळ पर्यावरणाचा प्रश्न राहत नाही. पालापाचोळ्याचे खत स्वतः केलेला विद्यार्थी तो जाळू देत नाही आणि झाडूवाल्या मावशींशी वेगळ्या स्वरात बोलतो.

याच कारणाने माळ्याचा विचार झाला पाहिजे. महाविद्यालयाच्या आवाराविषयी सर्वांत जास्त माहिती ज्याच्याकडे असते, त्याला बहुधा कंत्राटावर ठेवलेले असते आणि त्याचे नावही कुणाला माहीत नसते. कोणत्या झाडाला कधी कीड लागली, कोणती जागा पावसात तुंबते, पोपट कोणत्या ढोलीत दरवर्षी पिल्ले काढतात, हे त्याला विचारावे लागते. विषयतज्ज्ञ म्हणून त्याला महिन्यातून एक तास मानधनासह वर्गापुढे उभे करण्यात कोणताही नियम आड येत नाही. आड येते ती आपली प्रतिष्ठेची कल्पना.

नोंदी ठेवण्याची साधने तर आयती उपलब्ध आहेत. दरवर्षी फेब्रुवारीत देशभर शिक्षणसंस्थांच्या आवारांतली पक्षीगणना चार दिवस होते आणि त्यात कोणतेही महाविद्यालय भाग घेऊ शकते. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात एखादे झाड निवडून त्याची पालवी, फुले आणि फळे आठवड्याला नोंदवायची असतात. त्यासाठी लागतात ते फक्त डोळे आणि सातत्य. जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही करायला सांगितली. तशी नोंदवही प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या आवाराची करावी, ती दरवर्षीच्या तुकडीने पुढे न्यावी आणि ग्रंथालयात ठेवावी. वीस वर्षांनी त्या वहीचे मोल कोणत्याही हरित लेखापरीक्षण अहवालापेक्षा अधिक असेल. तिच्या शेजारी पाण्याची वही असावी : किती आले, कुठून आले, कुठे गेले.

पण नोंदी ठेवणारे हात निर्णयातून वगळले, तर हे सारे पुन्हा प्रकल्पाच्या वहीत जाईल. महाराष्ट्रातल्या शहरी भागांत १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. महाविद्यालय नवी इमारत, वाहनतळ किंवा रस्ता करण्यासाठी जो अर्ज पाठवते, तो पाठवण्याआधी सूचनाफलकावर लागला पाहिजे, त्यावर विद्यार्थ्यांची सभा झाली पाहिजे, आणि वनस्पतिशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र अशा सर्व विभागांच्या विद्यार्थ्यांनी पर्यायी आराखडे मांडले पाहिजेत. त्यांचे म्हणणे दर वेळी मान्य होणार नाही. वर्गखोल्या लागतात, वसतिगृहे लागतात, विशेषतः मुलींची, आणि त्यासाठी काही वेळा झाड जाईलही. त्या वेळी कोणते झाड जाते, का जाते, त्याच्या बदल्यात काय आणि कुठे लावले जाईल आणि ते पाच वर्षे कोण जगवेल, याचा हिशेब विद्यार्थ्यांसमोर लेखी मांडावा लागेल. प्राचार्यांना याची भीती वाटते, कारण चर्चेमुळे बांधकाम लांबते. ते लांबेल, हे मान्य करूनच हा आग्रह धरायला हवा. ज्या संस्थेचे काम शिकवणे हे आहे, तिने तीन महिन्यांच्या त्या चर्चेचा वेळ अभ्यासक्रमाच्या तासिकांत धरावा.